नमुना माझ्यासमोर काढला

शनिवार, १४ मार्च

तीर्थरूप बाबांना,

तुमच्या लेकीचा नमस्कार. साष्टांग घालायला उजवा गुडघा तयार नाही, तेव्हा उभ्या उभ्या केलेला चालवून घ्या. गुडघ्याचं पुढे येईलच, काळजीसारखं काही नाही.

तुमची तब्येत बरी असेल. वहिनी म्हणाली, रक्तदाबाची गोळी न चुकता घेता, पण चष्म्याची काडी दोऱ्याने बांधून वापरता. दादाला सांगून नवी बसवून घ्या. हे पत्र लांबलचक होणार आहे, दोऱ्यावर निभायचं नाही. इकडे सगळं जिथल्या तिथे आहे. क्वार्टरमधला नळ तुम्ही होता तेव्हा ठिबकायचा तसाच ठिबकतो. तुम्ही लावलेलं पेरूचं झाड स्वयंपाकघराच्या खिडकीत डोकावायला लागलं आहे आणि सगळे पेरू पोपट खातात.

फोनच केला असता. पण फोनवर तुम्हाला माझा आवाज येत नाही. दादाचा येतो, दूधवाल्याचा येतो, चुकून लागलेल्या माणसाचाही येतो. माझा तेवढा येत नाही आणि तुम्ही फोन वहिनीच्या हातात देता. पाच वर्षं हे चाललं आहे. कागदापुढे ही सबब चालणार नाही, म्हणून पत्र.

बातमी आधी सांगते, नाहीतर तुम्ही शेवटचं पान आधी वाचाल. चिमणीला पिल्लू झालं. परवा गुरुवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. मुलगी आहे, वजन एकशे अठरा किलो. मायलेकी ठणठणीत आहेत. प्राणिसंग्रहालयाच्या ऑफिसात नवीन लागलेला कारकून हे ऐकून म्हणाला, "चिमणीचं पिल्लू एकशे अठरा किलोचं?" त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की चिमणी हत्तीण आहे. हत्तीघरात नेऊन उभं केलं तेव्हा कुठे त्याने रजिस्टरमध्ये वजन लिहिलं.

आता पत्र बाजूला ठेवा, पाणी प्या आणि मग पुढे वाचा.

पाच वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाबद्दल लिहायचं नाही असं ठरवून मी बसले आहे. फक्त या वेळचं लिहिते.

तुमच्यानंतर हत्तीघर मुनीकडे आलं. अजूनही तो दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलतो. चिमणीचे दिवस भरत आले तसं रोज सकाळी आठला तो तिच्या कानामागच्या शिरेतून रक्त काढायचा, नळी वर प्रयोगशाळेत यायची आणि दहापर्यंत मी प्रोजेस्टेरॉनचा आकडा सांगायचे. प्रोजेस्टेरॉनला तुम्ही दाराची कडी म्हणायचात आणि नुकतीच शिकून आलेली मी हसायचे. आता शिकाऊ मुलांना मीच तसं सांगते. बावीस महिने ते हार्मोन गर्भाशयाला गप्प ठेवतं. ही कडी निघाली की मग बाकीची हार्मोन्स कामाला लागतात. कुणी गर्भाशयाचं तोंड मऊ करतं, कुणी कळा सुरू करतं आणि शेवटी ऑक्सिटोसिन त्या कळांना जोर देतं. आकडा तळाला गेला की दोन ते पाच दिवसांत पिल्लू बाहेर येतं. पण कडी लागलेली असताना कुणी बाहेरून ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचलं तर गर्भाशय बंद दारावर धडका देत राहतं. ते कसं दिसतं ते आपण दोघांनी पाहिलं आहे.

तर २१ फेब्रुवारीला आकडा तळाला गेला. आदल्या दिवशी चांगला वर होता आणि एका रात्रीत खाली. साहेबांनी लगेच हत्तीघराकडचा रस्ता पाहुण्यांना बंद केला, कॅमेरे बसवले, पत्रकारांना कळवलं. सगळे डोळ्यांत तेल घालून बसले. तिसरा दिवस गेला, चौथा गेला. चिमणी आपली शांतपणे कलिंगडं फोडून खात होती.

सव्वीसला सकाळी डॉक्टर माझ्याकडे कागद घेऊन आले. तेच आपले डॉक्टर, केस तेवढे पांढरे झालेत. म्हणाले, "पाच दिवस झाले. पिल्लू अडकलंय किंवा गेलंय. साडेदहाला इंजेक्शन देतो. आकडा बरोबर आहे म्हणून इथे सही कर."

मी म्हटलं, "थोडं थांबू या का?"

"मागच्या वेळी थांबलो होतो," ते म्हणाले. "तुझ्या वडिलांनी दारात उभं राहून चार तास घालवले, म्हणून पिल्लू गेलं. या वेळी मी एक मिनिट घालवणार नाही."

त्यांच्यावर रागावू नका. पाच वर्षं त्यांनी स्वतःला हेच सांगितलंय. चौकशीच्या अहवालातही तेच लिहिलंय: राखणदाराच्या आडकाठीमुळे उशीर झाला. त्या अहवालाची एक प्रत माझ्या खणात आहे, तुमच्या ट्रंकेतही असेल.

पेन हातात घेतलं आणि पाचही दिवसांचे आकडे पुन्हा पाहिले. सगळे जवळपास सारखेच होते. जिवंत जनावराचं रक्त असं एका ओळीत शिस्तीने उभं राहत नाही. शिवाय कडी निघताना दोनतीन दिवस लागतात, आकडा पायऱ्या उतरल्यासारखा उतरतो. हा गच्चीवरून पडला होता. मी डॉक्टरांना म्हटलं, "एक वाजेपर्यंत सही मिळणार नाही. इंजेक्शन द्यायचंच असेल तर सहीशिवाय द्या." अशी भाषा मी त्यांच्याशी कधी केली नव्हती. ते खुर्ची ओढून बसले.

प्रोलॅक्टिन तपासायच्या किटचा एकच खोका फ्रिजमध्ये उरला होता. हत्तीण गाभण असली की निम्मे दिवस भरल्यावर ते रक्तात भरपूर असतं आणि शेवटपर्यंत राहतं. वीस तारखेच्या नळीत ते भरपूर होतं. एकवीसपासूनच्या पाचही नळ्यांत नावालासुद्धा नव्हतं. डॉक्टर हळूच म्हणाले, "पिल्लू गेलं असेल तर तेही उतरेल." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण एका रात्रीत कुणी इतकं कोरं होत नाही. माझ्या मनात भलतंच यायला लागलं होतं, आणि त्याचं उत्तर नळीत नव्हतं, खाली हत्तीघरात होतं.

बाबा, प्रयोगशाळेच्या जिन्यापासून हत्तीघराच्या दारापर्यंत दोनशे पावलं आहेत. लहानपणी मी ती मोजली होती. पाच वर्षांत मी ती एकदाही चालले नव्हते. चिमणीच्या पायाला पाठ लावून माझी उंची मोजायचात तुम्ही. त्या चिमणीला तोंड दाखवायला मी गेले नाही. त्या दिवशी मात्र पळत सुटले, ओल्या जिन्यावरून घसरले आणि गुडघा फोडून घेतला. तशीच लंगडत गेले.

मुनी पेंढा पसरत होता. मी नळी त्याच्यासमोर धरली. "ही कुणाची?"

तो नळीकडे बघेना. चिमणीकडेही बघेना. त्याने मावशीकडे बघितलं. तीच आपली म्हातारी मावशी, चिमणीच्या शेजारी भिंतीला टेकून डुलकी काढणारी. तिचं चक्र बंद पडून दहा वर्षं झाली असतील, तिच्या रक्तात कडीच काय, खिळासुद्धा सापडायचा नाही.

"चिमणी कान ओढून घ्यायला लागली," मुनी म्हणाला. "शिर सुजलेली. दुखत होतं तिला. मावशीला टोचलेलं कळतसुद्धा नाही. म्हटलं रक्त ते रक्त, चार दिवसांचा तर प्रश्न." दिवसाची निम्मी वाक्यं त्याने एका दमात संपवली. मग म्हणाला, "नाना असंच करायचे."

नाना म्हणजे तुम्ही.

मी विचारलं, "मागच्या वेळीसुद्धा?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

मी चिमणीजवळ गेले, तिच्या दुसऱ्या कानाला शेक दिला. माझ्या केसांवरून तिने सोंड फिरवली, गुडघ्याचं रक्त हुंगलं आणि कान माझ्या हातात दिला. ओढून घेतला नाही. नळी भरली आणि लंगडत वर आले. दीड वाजता आकडा आला. वर होता. भरपूर वर. कडी पक्की लागलेली होती आणि पिल्लाला अजून वेळ हवा होता. मुनीने सांगितलेलं, मागच्या वेळचंसुद्धा, मी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी कागद वाचला, परत वाचला, सिरिंज पेटीत ठेवली आणि पेटी बंद करून तिच्यावर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मागच्या वेळी उशिराने नाही गेलं. माझ्या सुईने गेलं."

मी म्हटलं, "तुमच्या, माझ्या आणि बाबांच्या, तिघांच्या हाताने गेलं, डॉक्टर."

साहेब तणतणत आले. पत्रकारांना काय सांगू, नक्की तारीख द्या, म्हणाले. मी म्हटलं, "तारीख पिल्लाला विचारावी लागेल." त्यांना ती थट्टा वाटली. पण मेंढ्यांवर झालेल्या कामातून हे पक्कं कळलं आहे की वेळ आई ठरवत नाही. पिल्लाच्या मूत्रपिंडांवरच्या इवल्याशा ग्रंथी तयार झाल्या की त्या कॉर्टिसॉल सोडतात आणि आतून आईची कडी काढतात. हत्तींचं कोडं अजून कुणाला पुरतं सुटलेलं नाही, पण माझं मत विचाराल तर वर्दी आतूनच येते. तुम्ही म्हणायचात ना, "पोरी, ती आपली वेळ घेऊन येईल"? तेव्हा मला तो अडाणीपणा वाटायचा. तो अडाणीपणा आता पुस्तकात छापलेला आहे.

त्यानंतर रोज आठला मी स्वतः खाली. सात मार्चला आकडा उतरायला लागला. नीट, पायरी पायरीने. दहाला तळाला टेकला. या वेळी मला त्या आकड्याची भीती वाटली नाही, कारण शिर माझ्या बोटाखाली होती.

गुरुवारी नऊ वाजता चिमणीने शेपूट उचलली आणि भिंतीला डोकं लावलं. कळा सुरू झाल्या आणि जगाला खबर लागली. साहेब आले, त्यांचे पाहुणे आले, ऑफिसातले आले, दोन कॅमेरेवाले आले. कठड्याला ही गर्दी. दहाला कळा थांबल्या. चिमणी कोपऱ्यात जाऊन कान ताठ करून उभी. घाबरलेल्या जनावराच्या अंगात अॅड्रिनलिन चढतं आणि ते ऑक्सिटोसिनला चालू देत नाही. अनोळखी डोळे समोर असताना कुठली आई बाळंत होईल? डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. त्यांचा हात पेटीकडे गेला नाही, हे मी मुद्दाम लिहिते.

मी कठड्यापाशी गेले आणि म्हटलं, "सगळ्यांनी बाहेर जायचं."

साहेब म्हणाले, "हो हो, बाकीच्यांनी बाहेर जा."

"साहेब, तुम्हीसुद्धा."

गेले हो. त्यांच्या मागोमाग डॉक्टर आपणहून गेले आणि दाराबाहेर स्टूल टाकून राखणीला बसले. आत राहिलो मुनी, मी आणि मावशी. मावशी चिमणीला खेटून उभी राहिली. मी आणि मुनी पेंढ्याच्या भाऱ्यामागे बसलो. वीस मिनिटं काही नाही. मग चिमणीचे कान सैल पडले, आणि पोटावरून एक लाट खाली गेली. मग दुसरी. मुनीने माझं मनगट धरलं होतं, त्याचे वळ आजही आहेत. अकरा वीसला पाण्याचा लोट आला आणि त्याबरोबर पेंढ्यावर ती पडली, काळी, चकचकीत, स्वतःच्याच सोंडेवर पाय देणारी. चिमणीने एकदाच एवढ्या मोठ्याने आवाज काढला की बाहेर डॉक्टर स्टुलावरून पडले, असं तेच सांगतात. मग ती पिल्लाला पायाने ढोसायला लागली, आणि अठ्ठावन्न मिनिटांनी पिल्लू उभं राहिलं. पडलं, उभं राहिलं, पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा उभं राहिलं ते मावशीच्या पायाला टेकून.

मी रडले, बाबा. मुनीसुद्धा रडला आणि दहापेक्षा जास्त वाक्यं बोलला. जिंकलो आपण. या शब्दाशिवाय दुसरा शब्द मला सापडत नाही.

आता जे लिहायचं नाही म्हटलं होतं ते लिहिते.

त्या वेळी तुम्ही दारात आडवे उभे राहिलात आणि एकच म्हणत राहिलात, "तिची वेळ झालेली नाही." कशावरून, ते सांगेनात. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "बाबा, तुमच्या अंदाजापेक्षा माझा आकडा खरा आहे." तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि दारातून बाजूला झालात. पाच वर्षं मला वाटत आलं की माझ्या त्या वाक्याने तुमचा अपमान झाला म्हणून तुम्ही इथून निघून गेलात. आता कळतंय की तुम्हाला ठाऊक होतं नळी मावशीची आहे. एक शब्द बोलला असतात तर पिल्लू वाचलं असतं.

त्या गोष्टीचा मला राग आला, हे लपवत नाही. सव्वीस तारखेचा उरलेला सगळा दिवस मी तुमच्यावर मनात ओरडत होते.

मग जुनी फाइल काढली. त्या वेळचे तक्ते, आणि प्रत्येक तक्त्याच्या तळाशी छापलेली ओळ: नमुना माझ्यासमोर काढला. तिच्याखाली माझी सही. रोजची सही, बाबा, आणि मी एकदाही समोर नव्हते. वर पंख्याखाली बसून सही ठोकत होते. नोकरीला आठ महिने झाले होते, कायम व्हायची होते. तुम्ही तोंड उघडलं असतं तर साहेबांचा पहिला प्रश्न आला असता की मग ही सही कुणाची. तुम्ही दारातून बाजूला झालात ते त्यासाठी. चिमणीचं लेकरू आणि तुमचं लेकरू समोरासमोर आली आणि तुम्ही तुमचं वाचवलंत. मला हे सहन होत नाही आणि तरी तुमच्या जागी मी काय केलं असतं ते छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

आणि या वेळीही मी तेच केलं होतं. लाजेने खाली गेले नाही आणि वरूनच सह्या केल्या. तुम्ही लेकराच्या मायेपोटी चुकलात असं म्हणता येईल. मी दोनशे पावलं वाचवण्यापायी चुकले, दोनदा.

पिल्लू यायच्या आधीच, सोमवारी, मी हे सगळं लिहून साहेबांना दिलं. तुमचं, माझं, मुनीचं, काही गाळलं नाही. डॉक्टरांनी खाली स्वतःच्या हाताने चार ओळी जोडल्या. मुनीला आणि मला लेखी ताकीद मिळाली आहे, मी ती टेबलाच्या काचेखाली लावली आहे. आणि अहवालातलं ते वाक्य काल बदललं. आता तिथे लिहिलंय: राखणदाराचं म्हणणं बरोबर होतं, वेळ झालेली नव्हती. नळीबद्दलही लिहिलंय, खोटं सांगत नाही. पण पिल्लू तुमच्या आडकाठीने गेलं हे आता कुठल्याच कागदावर नाही.

साहेबांना पिल्लाचं नाव ठेवायचा जाहीर कार्यक्रम करायचा होता. मी म्हटलं, आईचं नाव ज्याने ठेवलं तोच पिल्लाचं ठेवील. गुरुवारी एकदा बाहेर निघून जायची त्यांना सवय झाली असावी, कारण मुकाट्याने हो म्हणाले. रजिस्टरमध्ये तो रकाना रिकामा आहे. कारकून दोनदा विचारून गेला. फोनवर सांगितलेलं नाव चालणार नाही; आवाज येत नाही अशी माझीही सबब आहे.

तुमचं स्टूल मुनीने पुसून दाराशी ठेवलं आहे. चिमणी येता-जाता ते हुंगते. दादाने तिकीट काढलं की कळवा, मी फाटकाशी येईन. तिथून हत्तीघरापर्यंत माझ्या गुडघ्याला आणि तुमच्या चष्म्याला सांभाळत दोघं मिळून चालत जाऊ.

वर लिहिलेलं सगळं माझ्यासमोर घडलं आहे. म्हणून खाली ही सही, आयुष्यातली पहिली खरी.

तुमची
पोर